मूठ, माशी आणि चाप : परवडणारं पिस्तूल निवडताना

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. त्याभोवतीचं प्रत्येक कडं ८ मिलिमीटर रुंद. छर्‍याचा व्यास ४.५ मिलिमीटर, आणि त्याची कड वर्तुळाच्या रेषेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो. त्यामुळे छर्‍याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला तर दहा, १६ च्या आत नऊ, २४ च्या आत आठ आणि ३२ च्या आत सात, असा सोपा हिशेब बसतो. पहिलं पिस्तूल विकत घ्यायला निघालेल्याने दुकानाची पायरी चढण्याआधी हे चार आकडे पाठ करावेत. कोणत्या पिस्तुलाला किती पैसे मोजायचे याचा निवाडा कंपनीच्या नावावरून होत नाही, तो या मिलिमीटरांवरून होतो. पैसा पिस्तुलाच्या ज्या भागांशी माणसाचा संबंध येतो तिथे जावा, म्हणजे मूठ, माशी (नेम धरण्याचं पुढचं टोक) आणि चाप या तीन ठिकाणी, असं माझं म्हणणं आहे. नळीची अचूकता बहुतेक नवशिक्यांना लागते त्याहून आधीच जास्त असते, आणि ताकद तर या खेळात मोजलीच जात नाही.

आधी कायद्याचं. आपल्याकडे काडतुसाचं पिस्तूल, मग ते .२२ चं का असेना, परवान्याशिवाय बाळगता येत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार .१७७ इंचापर्यंतच्या, म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या शस्त्राला मात्र परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने निघतो. त्याची ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या आसपास भरते. कायद्याच्या मर्यादेच्या तिसर्‍या हिश्श्याहूनही ती कमी आहे. म्हणून बालेवाडीच्या किंवा वरळीच्या रेंजवर पाऊल टाकणार्‍या बहुतेकांसाठी पहिलं पिस्तूल म्हणजे एअर पिस्तूलच. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण मिळवलं, नेमबाजीत ते मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिथलं हत्यार वेगळं. पण माशी धरणं आणि चाप दाबणं तेच, आणि ते शिकायची स्वस्त जागा दहा मीटरची रांग आहे.

आता मुख्य मुद्दा. लक्ष्यावरची चूक दोन ठिकाणांहून येते : माणसाकडून आणि यंत्राकडून. या दोन स्वतंत्र चुकांची बेरीज सरळ होत नाही. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंवरून कर्ण काढावा तशी ती होते, म्हणजे दोघांच्या वर्गांची बेरीज करून तिचं वर्गमूळ काढायचं. समजा, एखादा नवशिका साठ गोळ्यांत पाचशेच्या आसपास गुण करतो. याचा अर्थ त्याचा छर्रा मध्यापासून साधारण १५ मिलिमीटर भरकटतो असं धरू. त्याच्या हातात अतिशय उत्तम पिस्तूल दिलं, ज्याची स्वतःची चूक १ मिलिमीटर आहे, तर एकूण चूक होते १५.०३ मिलिमीटर. आता ते काढून घेऊन साधंसं पिस्तूल दिलं, ज्याची चूक चौपट, म्हणजे ४ मिलिमीटर आहे, तर एकूण चूक होते १५.५२. फरक अर्धा मिलिमीटर, आणि एका गुणाचं कडं आहे ८ मिलिमीटरचं. चौपट अचूक यंत्राने नवशिक्याच्या पदरात जवळजवळ काहीच पडलं नाही. त्याच माणसाने मूठ नीट बसवून आणि चाप सरळ दाबायला शिकून स्वतःची चूक १५ वरून १२ वर आणली, तर ४ मिलिमीटर चुकणारं साधं पिस्तूल घेऊनही तो १२.६५ वर येतो.

यावर लगेच आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे : आंतरराष्ट्रीय स्पर्धांत जो तो श्टायर, मोरिनी, वाल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाऊ अशीच नावं हातात घेऊन उभा असतो, ते सगळे लाखांचे पैसे वाया घालवतात का? मुळीच नाही. तोच हिशेब त्यांच्यासाठी करून पाहावा. ज्याची स्वतःची चूक ५ मिलिमीटर आहे, त्याच्या हातात १ मिलिमीटरचं पिस्तूल असेल तर एकूण ५.१ आणि ४ मिलिमीटरचं असेल तर ६.४. त्याच्या बाबतीत सव्वा मिलिमीटरहून जास्त फरक पडला, आणि अंतिम फेरीत गुण दशांशात मोजले जातात. म्हणजे उत्तम यंत्राची किंमत माणूस जितका सुधारेल तितकी वसूल होत जाते. महागडं पिस्तूल ही चूक नाही. ती पुढच्या टप्प्याची खरेदी आहे, आणि पहिल्या टप्प्यावर ती केली तर तेवढा पैसा सरावातून कमी होतो.

मग मूठ आणि चाप यांना एवढं महत्त्व का? त्याचंही उत्तर भूमितीत आहे. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर साधारण ३२० मिलिमीटर असतं. लक्ष्य आहे १०,००० मिलिमीटरवर. हात सबंध एक मिलिमीटर बाजूला सरकला, पण माशी खाचेत मधोमध राहिली, तर छर्राही एकच मिलिमीटर सरकतो. हात ८ मिलिमीटर डुलला तरी दहाच! पण मनगट किंचित वळून माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली, तर लक्ष्यावर ती चूक एकतीसपट होते : छर्रा ३१ मिलिमीटरवर, सातच्या कड्यात. नवशिक्याला हाताच्या थरथरीची भीती वाटते, कारण ती दिसते. खरं नुकसान मनगटाच्या त्या न दिसणार्‍या वळण्याने होतं. हे वळणं मुख्यतः दोन कारणांनी घडतं. मूठ हाताला बसत नाही म्हणून प्रत्येक वेळी मनगटाला माशी ओढून मध्यावर आणावी लागते, किंवा चाप जड आणि खरखरीत असल्यामुळे बोटाबरोबर सगळा पंजा आवळला जातो. पैसा या दोन जागी खर्च करावा असं म्हणतो, ते या एकतीसपटीमुळे.

याच कारणाने सर्वांत स्वस्त पिस्तूलही घेऊ नये. काही हजारांत मिळणारी स्प्रिंगची पिस्तुलं डबे पाडायला ठीक आहेत. त्यांत दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा पिस्तूल आधी एकीकडे आणि मग दुसरीकडे हिसका खातं, आणि छर्रा तेव्हा अजून नळीतच असतो. पकड जराशी सैल-घट्ट झाली तरी छर्रा वेगळ्या जागी जातो. चाप जड असतो आणि जुळवून घेण्याची सोय बहुधा नसते. मूठ प्लास्टिकची, दोन्ही हातांना सारखीच, म्हणजे कोणत्याच हाताला नीट न बसणारी. अशा पिस्तुलावर शिकणार्‍याला चूक आपली की यंत्राची हेच कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय सुधारणा होत नाही. परवडणारं याचा अर्थ म्हणून एवढाच घ्यावा : चाप जुळवता येतो, मूठ बदलता किंवा घडवता येते, खाच आणि माशी हलवता येते, आणि गोळी सुटताना हिसका बसत नाही अशा पिस्तुलांतलं सर्वांत कमी किमतीचं.

असं पिस्तूल कुठे सापडेल हे समजायला या यंत्राचा थोडा इतिहास उपयोगी पडतो. १९६० च्या दशकात फाइनवेर्कबाऊ ६५ आलं. त्यात स्प्रिंग होतीच, पण नळीसकट वरचा भाग रुळावरून मागे सरकत असल्याने हिसका हातापर्यंत पोचत नसे. त्याच काळापासून एका दाबाची हवा वापरणारी पिस्तुलंही होती : दांडा एकदा ओढायचा, हवा दाबली जाते, गोळीला तेवढीच लागते. रशियातल्या इझेव्हस्कचं इझ-४६एम हे त्या जातीचं सर्वांत नावाजलेलं परवडणारं उदाहरण. १९८८ मध्ये सोल ऑलिम्पिकमध्ये दहा मीटर एअर पिस्तूल हा प्रकार दाखल झाला, त्या सुमाराला कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यांची पिस्तुलं जोरात होती, आणि पुढे भरलेल्या हवेच्या सिलिंडरने त्यांची जागा घेतली. आजची जवळजवळ सगळी स्पर्धेची पिस्तुलं या शेवटच्या जातीची आहेत. सिलिंडरमध्ये सुमारे २०० बारपर्यंत हवा भरतात आणि आतला रेग्युलेटर प्रत्येक गोळीला सारखाच दाब देतो.

जुन्या बाजारात यांतलं काय घ्यावं? कार्बन डायऑक्साइडचं घेऊ नये असं माझं मत आहे. तो वायू आत द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो. २० अंशांना तो सुमारे ५७ बार असतो, उन्हाळ्यात चढतो, थंडीत उतरतो. सकाळी आणि दुपारी एकाच पिस्तुलाचा छर्रा वर-खाली जातो. एका दाबाचं पिस्तूल चांगल्या स्थितीत मिळालं तर बिनधास्त घ्यावं. त्याला सिलिंडर नाही, पंप नाही, रेग्युलेटर नाही, बिघडण्यासारखं फार थोडं आहे. त्याचा दांडा दर गोळीला ओढावा लागतो, आणि साठ गोळ्या व वर सरावाच्या, एवढ्या वेळा ओढून खांदा भरून येतो, ही त्याची खरी अडचण. अंगाने लहान असलेल्या मुलामुलींना तो झेपत नाही. त्यांच्यासाठी आणि ज्याला नियमित स्पर्धा खेळायच्या आहेत त्याच्यासाठी जुनं पण भरल्या हवेचं पिस्तूल बरं. ते पाहताना लोक नळी पाहतात, लाकडाची चमक पाहतात. सर्वांत आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहावी. सिलिंडरची मुदत साधारण दहा वर्षांची असते, मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि ती जबाबदारी नियमांप्रमाणे नेमबाजाचीच आहे. स्वस्तात मिळालेल्या पिस्तुलाला नवे दोन सिलिंडर घ्यावे लागले तर तो स्वस्तपणा तिथेच संपतो. यानंतर पिस्तूल भरून रात्रभर ठेवावं आणि सकाळी दाब उतरला का ते बघावं. मग टेकू देऊन पाच गोळ्या एकाच जागी माराव्यात. पाचांचं मिळून एकच भोक, फार तर थोडं फाटलेलं, एवढं पुरे.

इलेक्ट्रॉनिक चापाबद्दल विचारणा हमखास होते. तो चांगला असतो यात वाद नाही. प्रत्येक वेळी तोच भार, तीच जागा. पण पहिल्या खरेदीत मी त्याला प्राधान्य देणार नाही, कारण तो बिघडला तर गावात दुरुस्त करणारा सापडत नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन वेळी बिघाड झाला, बहुमोल मिनिटं गेली, ५७५ गुणांवर ती बाराव्या जागी राहिली आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. पुढे २०२४ मध्ये पॅरिसला तिने दोन कांस्यपदकं मिळवली. जगातलं उत्तम हत्यार आणि मदतीला पथक असताना हे घडू शकतं, तर तालुक्याच्या गावातून एकट्याने स्पर्धेला येणार्‍या मुलाने आपल्या राज्यात ज्याचे सुटे भाग आणि जाणकार कारागीर मिळतात तेच पिस्तूल घ्यावं. आपल्या क्लबात सर्वाधिक लोकांकडे जे मॉडेल आहे ते घेण्यात कमीपणा नाही. एक सील फाटलं तर शेजारच्या पेटीत दुसरं असतं.

आता फेरफारांकडे, कारण खरी मजा आणि खरी बचत तिथे आहे. मूठ सहसा अक्रोडाच्या लाकडाची असते आणि ती घडवण्यासाठीच दिलेली असते. तपासायची रीत साधी आहे. नेहमीसारखं उभं राहावं, पिस्तूल धरावं, डोळे मिटून हात उचलावा, दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. माशी खाचेच्या मधोमध दिसली तर मूठ बरोबर आहे. प्रत्येक वेळी माशी उजवीकडे किंवा डावीकडे, वर किंवा खाली दिसत असेल तर मूठ मनगटाला वळायला लावते आहे. काही पिस्तुलांत मुठीचा कोन स्क्रूने बदलता येतो. तो आधी बदलावा. मग तळहाताचा खळगा पाहावा. जिथे पोकळी राहते तिथे एम-सीलसारखं दोन भागांचं लिंपण लावून, प्लास्टिकचा पातळ कागद मध्ये ठेवून, पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून, मूठ धरावी आणि हाताचा ठसा उमटू द्यावा. जिथे टोचतं तिथे कानशीने थोडं काढावं. थोडं म्हणजे खरंच थोडं : एका दिवशी एकच जागा, मग आठवडाभर सराव, मग पुढची. तळहात आणि मधलं बोट यांच्यामध्ये पिस्तूल धरलं जावं आणि चापाचं बोट लाकडाला कुठेही घासू नये, याकडे विशेष लक्ष द्यावं, कारण बोट घासलं की ते नळीला ढकलतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा शेवटचा हात पावसाळा सरल्यावर फिरवावा. नियमांची चौकट अशी : मनगट मोकळं दिसलं पाहिजे, मुठीने हाताला वेढा घालता कामा नये, तळहाताखालची फळी मुठीशी ९० अंशांहून कमी कोन करता कामा नये, आणि सगळं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. वजन १,५०० ग्रॅमपर्यंत चालतं. पण नव्या माणसाने पुढची वजनं आधी काढून टाकावीत आणि खांद्यात ताकद आली की एकेक करून लावावीत.

चापासाठी नियम एकच आहे, किमान ५०० ग्रॅम. त्यातला बराच भार पहिल्या टप्प्यात आणि थोडा दुसर्‍यात ठेवला की बोटाला थांबण्याची जागा स्पष्ट कळते. सुटल्यावर बोट पुढे धावू नये म्हणून मागचा स्क्रू लावून घ्यावा. हे सगळं बाहेरच्या स्क्रूंनी होतं. आतला खटका घरी घासू नये. घासलेला खटका धक्क्याने आपोआप सुटू शकतो, आणि मग तो खेळाचा प्रश्न राहत नाही. ताकद वाढवण्यासाठी स्प्रिंग किंवा झडप बदलणंही असंच निरर्थक : कागदाला भोक पाडायला साडेपाच ज्यूल पुरतात, जास्त ताकदीने हिसका वाढतो आणि २० ज्यूल ओलांडले तर परवाना नसलेलं शस्त्र बाळगल्याचा गुन्हा होतो. माशीची रुंदी मात्र जरूर बदलून पाहावी. खाचेत माशीच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या सारख्या फटी दिसायला हव्यात. फार अरुंद फटीत डोळा शिणतो, फार रुंद फटीत मध्य सापडत नाही. इतका स्वस्त आणि इतका फायद्याचा फेरफार दुसरा नाही.

कानस लावली की पिस्तुलाची किंमत उतरते, पुढे विकताना काय, अशी शंका काहींना येते. तिच्यावर सोपा तोडगा आहे : मूळ मूठ कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवावी आणि दुसरी घेऊन तिच्यावर काम करावं. उलट बाजूने, खास चष्मा, झापड, खास बूट हे सगळं पहिल्याच वर्षी हवं असं काही जण सांगतात. पॅरिसमध्ये तुर्कस्तानचा युसूफ दिकेच साध्या चष्म्यावर मिश्र दुहेरीचं रौप्यपदक घेऊन गेला. त्याच्या हातातलं पिस्तूल मात्र पूर्ण स्पर्धेच्या दर्जाचं होतं, हेही विसरू नये. त्याने जे वगळलं ते वगळता येतं. मूठ, माशी आणि चाप त्यानेही वगळले नाहीत.

उरला छर्‍यांचा खर्च, आणि खरेदीच्या दिवशी नेमका हाच विसरला जातो. दिवसाला साठ गोळ्या, आठवड्याला पाच दिवस, वर्षाला पन्नास आठवडे, म्हणजे १५,००० छर्रे. पाचशेचा एक डबा धरला तर तीस डबे. सरावाला महागडे निवडक छर्रे लागत नाहीत. वर्गमुळाचा तोच हिशेब इथेही लागू आहे. घरी रिकाम्या पिस्तुलावर भिंतीकडे पाहून केलेल्या सरावाला तर एकही छर्रा लागत नाही. तेव्हा पहिले तीन महिने क्लबचं पिस्तूल वापरा, आपल्या हाताचं माप ओळखा, आणि हातात असलेल्या रकमेतून तीस डब्यांचे आणि एका जादा मुठीचे पैसे आधी बाजूला काढून ठेवा. उरलेल्या पैशांत जे पिस्तूल बसेल तेच पाहायला दुकानात जा.